बारा सिटिंगमध्ये पाळी येईल का?

"डॉक्टर, मी २९ वर्षांची आहे. सात महिने झाले, पाळी नाही. त्याआधी दर तीस दिवसांनी न चुकता यायची. दुसऱ्या महिन्यात घरी युरिन टेस्ट केली होती, निगेटिव्ह आली. मग कामाच्या गडबडीत राहूनच गेलं. वर्षभरापूर्वी धावायला सुरुवात केली, आता आठवड्यातले सहा दिवस धावते. वजन ५८ वरून ४९ किलोवर आलंय, उंची १६० सेंटिमीटर. सगळे म्हणतात छान दिसतेस. हातपाय मात्र कायम गार असतात, आणि पहाटे तीनला जाग येते ती येतेच. मैत्रिणीने एक मालिश करणाऱ्या बाई सुचवल्या. त्यांनी पोट दाबून सांगितलं, पिशवी जागेवरून सरकली आहे, ओटीपोटात रक्त साचलंय, बारा सिटिंगमध्ये मोकळं होईल. बाराचे पैसे एकदम भरले, पाच झाली. खरं सांगते, मालिश होते त्या रात्री मी सलग झोपते. आणि पाचव्या सिटिंगनंतर दोन दिवसांनी चक्क डाग दिसला! एकच दिवस, तपकिरी. बाई म्हणाल्या, बघा, सुरुवात झाली. त्यांनी एक तेलही दिलंय, रोज पाच थेंब पाण्यातून घ्यायला. ते अजून उघडलेलं नाही. आम्हाला पुढच्या वर्षी मूल हवंय. डॉक्टरकडे गेले तर लगेच हार्मोनच्या गोळ्या चालू करतील याची भीती वाटते. उरलेली सात सिटिंग संपवून मग बघितलं तर चालेल का? सहावं गुरुवारी आहे."

—

तुमचं पत्र वाचताना मी एकाच ठिकाणी पेन्सिलने खूण केली: ५८ वरून ४९. त्याकडे येणारच आहे. पण आधी त्या डागाचं बोलू, कारण तुमची सगळी आशा सध्या त्याच्यावर टांगलेली दिसते.

उद्या सकाळी उठल्यावर पहिल्या लघवीची युरिन टेस्ट करा. हो, पुन्हा. पहिली टेस्ट पाच महिन्यांपूर्वीची आहे, आणि पाच महिन्यांपूर्वीच्या निगेटिव्ह टेस्टला आज काडीचीही किंमत नाही. पाळी बंद आहे म्हणजे दिवस जाणारच नाहीत असा समज मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता त्याची नोंद ठेवणं सोडून दिलंय. बंद पडलेली पाळी जेव्हा परतायला लागते तेव्हा आधी स्त्रीबीज सुटतं आणि नंतर साधारण दोन आठवड्यांनी रक्तस्राव होतो. म्हणजे पाळी दिसण्याच्या आधीच गर्भ राहू शकतो, आणि मग ती पाळी दिसतच नाही. एखादा दिवस तपकिरी डाग लागणं गर्भारपणाच्या सुरुवातीलाही होतं. अशा वेळी कोणी ओटीपोट खोलवर दाबत असेल तर मला ते मुळीच नको आहे. टेस्ट निगेटिव्ह आली तर बरं, पॉझिटिव्ह आली तर या पत्रातलं पुढचं सगळं बाजूला ठेवून थेट तपासणीला जा.

टेस्ट निगेटिव्ह आली असं धरून चालते. मग तो डाग कसला? बीजकोश पूर्ण झोपलेले नसतात. अधूनमधून एखादं बीज वाढायला लागतं, थोडं इस्ट्रोजेन हे हार्मोन तयार होतं, गर्भाशयाचं अस्तर किंचित जाड होतं, आणि मग बीज मध्येच थांबतं. इस्ट्रोजेन खाली येतं, अस्तराचा एखादा कोपरा सुटतो, डाग दिसतो. ही चांगली खूण असू शकते. काहीच नसण्यापेक्षा नक्कीच चांगली. पण ती पाळी नाही, आणि ती पाचव्या सिटिंगमुळे आली असं म्हणायला काही आधार नाही. अस्तर जाड व्हायला दिवस लागतात. मंगळवारी पोट चोळलं आणि गुरुवारी डाग दिसला, तर त्या डागाची तयारी मंगळवारच्या बरीच आधी सुरू झालेली होती.

आता पिशवी. गर्भाशय मुठीएवढंही नसतं, लांबी जेमतेम साडेसात सेंटिमीटर. ते कमरेच्या हाडांच्या कड्यात बसलेलं, पुढे मूत्राशय, मागे गुदाशय. गरोदर नसलेल्या बाईचं गर्भाशय सहसा पोटावरून हाताला लागत नाही, आणि ज्यांना ते लागलं असं वाटतं त्यांच्या हाताला बहुधा आतडं किंवा पोटाचा स्नायू लागलेला असतो. दर पाच बायकांपैकी साधारण एकीचं गर्भाशय मागच्या बाजूला झुकलेलं असतं. ते बहुधा जन्मापासून तसं असतं, त्याने पाळी थांबत नाही, आणि ते चोळून पुढे आणायचीही गरज नसते. बीजकोश तर तीनेक सेंटिमीटरचे, बदामासारखे, त्याच्याही आत. बाईंच्या हाताला दोष देत नाही. त्यांच्या आधी बरेच जण या वाटेने गेले आहेत. एकोणिसाव्या शतकात स्वीडनमध्ये ट्यूरे ब्रांट नावाच्या गृहस्थांनी गर्भाशयाच्या तक्रारींवर मालिशची अख्खी पद्धत बसवली होती, युरोपभर डॉक्टर ती शिकत होते. तेव्हा हार्मोन हा शब्दच जन्माला आला नव्हता, तो १९०५ सालचा. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, म्हणून हाताने जे करता येईल ते केलं जायचं. आज दिसतं.

'रक्त साचलंय' हे मात्र मला थोडं सविस्तर खोडायचं आहे, कारण बहुतेक बायकांच्या मनात पाळीचं चित्र हेच असतं: दर महिन्याला नको असलेलं रक्त गोळा होतं, ते बाहेर पडलं नाही तर आत तुंबतं, मग ते चोळून, दाबून, शेकून मोकळं करायचं. तसं काही होत नाही. एका पूर्ण पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, दोन-तीन मोठे चमचे. ते आधीपासून कुठे साठवलेलं नसतं. गर्भाशयाचं अस्तर इस्ट्रोजेनमुळे वाढतं, स्त्रीबीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनमुळे पक्व होतं, आणि गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन घसरतं. त्या घसरणीमुळे अस्तर सुटतं आणि सुटताना रक्त येतं. अस्तर वाढलंच नाही तर सुटणार काय? माझा अंदाज आहे की तुमच्या सोनोग्राफीत अस्तर कागदासारखं पातळ दिसेल. पोट रिकामं आहे आणि बाई ते रिकामं करायला बघताहेत. (खरोखर रक्त तुंबण्याची एक अवस्था असते. वयात येणाऱ्या मुलीला पाळी आलेली नसते, पण दर महिन्याला ओटीपोटात कळ येते, आणि योनिमार्गाच्या तोंडाशी जन्मापासून पडदा बंद असतो. तिथे लहानशी शस्त्रक्रिया लागते. मालिश तिथेही उपयोगाची नाही.)

मग अस्तर वाढत का नाही? कारण बीजकोशांना वरून निरोप येत नाही. हा निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून निघतो, पिट्युटरी या ग्रंथीमार्फत खाली येतो, आणि गंमत म्हणजे तो संततधार नसतो, ठोके असतात. पाळीच्या चक्राच्या पहिल्या अर्ध्यात साधारण तास-दीड तासाला एक ठोका. १९७८ साली पिट्सबर्गमधल्या संशोधकांनी माकडांवर एक सुंदर प्रयोग केला. हायपोथॅलॅमसचा तो भाग निकामी करून त्यांनी हा निरोप नेणारं हार्मोन बाहेरून सलग दिलं, तर पिट्युटरी थंड पडली. तेच हार्मोन तासाला एक असं ठोक्याठोक्याने दिलं, तर पिट्युटरी पुन्हा कामाला लागली. म्हणजे हार्मोन नुसतं असून भागत नाही, ताल लागतो. तुमचा बिघाड बहुधा या तालात आहे. ठोके विरळ झाले आहेत. ओटीपोट त्या जागेपासून फार लांब आहे.

'म्हणजे डोक्यात बिघाड' असं घरचे म्हणतील तर त्यांना सांगा, डोक्यात म्हणजे मनाचे खेळ नव्हेत. हायपोथॅलॅमस शरीराचा हिशेबनीस आहे. आत किती आलं, खर्च किती झाला, शिल्लक किती, याच्याकडे त्याचं सतत लक्ष असतं. चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन हे त्याचं एक पासबुक. शिल्लक घसरली की तो खर्च कापतो, आणि पहिली कात्री अशा खर्चावर चालवतो ज्याच्यावाचून बाई आज जगू शकते. गर्भधारणेची तयारी हा तसला खर्च. त्यानंतर शरीर गरम ठेवण्याचा खर्च. तुमचे गार हातपाय मी याच खात्यात लिहिले. पहाटे तीनला मोडणारी झोपही बहुधा याच खात्यातली.

२००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, पाळी नियमित असलेल्या निरोगी तरुणींना मोजून खायला दिलं आणि मोजून व्यायाम करायला लावला. व्यायामाचा खर्च वजा जाता शरीरासाठी उरणारी ऊर्जा, चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे रोज ३० कॅलरींच्या खाली गेली, तेव्हा पाचच दिवसांत त्या ठोक्यांचा ताल बिघडला. पाच दिवस! वजन तोवर फारसं हललेलंही नसतं. म्हणून 'मी काही हाडकुळी नाही' या म्हणण्यात अर्थ नाही. तुमची उंची आणि आजचं वजन घेतलं तर बीएमआय १९ च्या वर येतो, तक्त्यात अगदी 'नॉर्मल'. तक्त्याला हे माहीत नाही की वर्षभरात तुम्ही आपल्या वजनाचा पंधरा टक्के भाग घालवला आहे आणि अजून आठवड्यातले सहा दिवस धावताय. तुमच्या हायपोथॅलॅमसला माहीत आहे.

(आणि 'छान दिसतेस' म्हणणाऱ्यांचं काय करायचं? काही नाही. त्यांना पाळीबद्दल काही माहीत नाही, ते बिचारे कपड्यांबद्दल बोलताहेत.)

या अवस्थेला फंक्शनल हायपोथॅलॅमिक अमेनोरिया म्हणतात. नाव लांबलचक असलं तरी अर्थ साधा आहे: सगळे अवयव ठीक, पण कामकाज स्थगित. तीन कारणं बहुतेकदा हातात हात घालून येतात, कमी खाणं, जास्त व्यायाम, आणि ताण. तुमच्या पत्रात पहिली दोन स्पष्ट दिसतात. तिसऱ्याबद्दल 'कामाच्या गडबडीत' एवढंच लिहिलंय, पण जी बाई सात महिने पाळी नसताना डॉक्टरकडे जायला वेळ काढू शकली नाही तिच्या गडबडीचा अंदाज येतो.

आता मालिशकडे येते, आणि इथे तुम्हाला आश्चर्य वाटेल. सिटिंग बंद करा असं मी म्हणणार नाही.

मला स्वतःला मालिश आवडते. दवाखान्यात दिवसभर वाकून काम करून मान आखडते तेव्हा मी करून घेते, आणि त्या टेबलावर हमखास झोपते. मालिश शरीरात काय करते याबद्दल लोक जे बोलतात त्यातलं बरंचसं टिकत नाही. विषारी द्रव्यं बाहेर पडतात हे तर नाहीच. 'ताणाचं हार्मोन कॉर्टिसॉल कमी होतं' हे वाक्य जिथेतिथे वाचायला मिळतं. पण २०११ साली त्यावरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा परिणाम इतका छोटा निघाला की तो शून्यापासून वेगळा काढणं अवघड. त्याच संशोधकांनी २००४ साली मात्र ३७ अभ्यास एकत्र तपासले होते, आणि त्यात दुसरी गोष्ट दिसली होती. एका सिटिंगनंतर त्या वेळची अस्वस्थता उतरते, रक्तदाब आणि नाडी थोडी खाली येते. अनेक सिटिंग झाल्यावर स्वभावातली काळजी आणि उदासपणा कमी होतो, आणि तो मानसोपचाराने होतो त्याच्या जवळपास जाण्याइतका. हे थोडं नाही.

तुमच्या आजारात त्याला किती महत्त्व? याच आजाराच्या १६ बायकांवर एक अभ्यास झाला, तोही २००३ सालचा. आठ जणींना २० आठवडे समुपदेशन मिळालं: खाण्याबद्दलचे, व्यायामाबद्दलचे, स्वतःकडून ठेवलेल्या अपेक्षांबद्दलचे विचार तपासणं आणि बदलणं. उरलेल्या आठ जणींवर फक्त लक्ष ठेवलं. पहिल्या गटात सात जणींचे बीजकोश पुन्हा कामाला लागले, दुसऱ्या गटात दोघींचे. अभ्यास छोटा आहे, पण गोळी न देता एवढा फरक पडला. म्हणजे मनाची पकड सैल झाली की त्या ठोक्यांपर्यंत ते पोचतं. मालिशने पाळी परत आली असं दाखवणारा असा अभ्यास नाही. पण समुपदेशनाच्या जोडीला, खाणं वाढवण्याच्या जोडीला, झोप लागण्यासाठी मालिश? हो. मनापासून हो.

आणखी एक गोष्ट. ती कुठल्या अभ्यासातली नाही, माझ्या खुर्चीतून दिसलेली आहे. तुमच्यासारख्या मुली माझ्याकडे येतात तेव्हा त्या शरीराबद्दल बोलतात ते एखाद्या हाताखालच्या माणसाबद्दल बोलावं तसं. त्याच्याकडून काम करून घ्यायचं, त्याच्यावर नजर ठेवायची, ढिलाई करू द्यायची नाही. आठवड्यातून एक तास कोणीतरी त्या शरीराला हात लावतं, काही मागत नाही, मोजत नाही, आणि तुम्ही पडून राहता. तेवढा तास तुम्ही धावत नसता. तुम्ही लिहिलंय, त्या रात्री मी सलग झोपते. ते वाक्य तुमच्या पत्रात मधेच येऊन गेलं, त्यावर उद्गारचिन्ह नाही. उद्गारचिन्ह डागावर आहे. माझं उलट झालं. बाईंच्या हातांनी तुम्हाला झोप दिली, ती त्यांची खरी कमाई. पाळीचा वायदा त्यांनी करायला नको होता.

तो वायदाच तुम्हाला महागात पडतोय. पैशांचं म्हणत नाही. पाचांपाठोपाठ सात सिटिंग म्हणजे आणखी दोन महिने, म्हणजे पाळी नसलेले एकूण नऊ. इस्ट्रोजेन नसताना हाडं झिजतात, आणि तुमच्या वयात हाडांची पुंजी भरायचं काम जेमतेम संपत आलेलं असतं. पुंजी भरायच्या दिवसांत खर्च सुरू झाला तर नंतर तो पुरता भरून निघेलच याची खात्री देता येत नाही. म्हणूनच या आजारात पाळी सहा महिने बंद असली की हाडांची घनता मोजायची डेक्सा तपासणी सुचवली जाते. तुम्ही ती रेघ ओलांडली आहे.

शिवाय मी आत्तापर्यंत जे लिहिलं ते अंदाजाने. अंदाज दाट आहे, पण या आजाराचं निदान बाकीची कारणं वगळूनच करायचं असतं. पाळी नियमित असलेल्या बाईने तीन महिने वाट पाहिली की पुरे, आधीपासून अनियमित असेल तर सहा. मुलीला पंधरा वर्षं पूर्ण होऊन पाळी आली नसेल तर तेव्हाच तपासायचं. रक्तात टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन), एफएसएच आणि एलएच (पिट्युटरी बीजकोशांना धाडते ती हार्मोन्स), इस्ट्राडायॉल (म्हणजे इस्ट्रोजेनच), आणि एक सोनोग्राफी. एका सकाळचं काम. थायरॉइड बिघडलेलं असलं तर ते दिसेल. प्रोलॅक्टिन वाढलेलं असेल तर पिट्युटरीवरची छोटी गाठ किंवा एखादं औषध कारण असू शकतं. मळमळीवरच्या आणि मानसिक आजारांवरच्या काही गोळ्या ते वाढवतात. स्तनातून दूध आल्यासारखं, डोकेदुखी, बाजूचं कमी दिसणं असं काही असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. पीसीओएस या बीज वेळेवर न सुटण्याच्या आजारातही पाळी लांबते, पण तिथे चित्र उलटं असतं: इस्ट्रोजेन असतं, अस्तर वाढत राहतं, ते उतरवणारं प्रोजेस्टेरॉन नसतं. तिथे महिनोन्महिने नुसतं थांबणं अस्तरासाठी घातक, म्हणून निदान तीन महिन्यांतून एकदा तरी ते उतरवावं लागतं. आणि एफएसएच. ते कमी किंवा साधारण असेल तर माझ्या अंदाजाला बळ मिळेल. बरंच वाढलेलं आलं तर महिन्याभराने पुन्हा तपासायचं, कारण चाळिशीच्या आत बीजकोश थकण्याचाही एक आजार असतो, आणि तुम्हाला पुढच्या वर्षी मूल हवं असेल तर हे आज कळणं आणि दोन महिन्यांनी कळणं यात फरक आहे.

गोळ्यांची भीती. ती तुम्ही समजता तशी खरी नाही, पण अगदी खोटीही नाही. गर्भनिरोधक गोळ्या दिल्या की दर महिन्याला रक्तस्राव होईल, तुम्हाला वाटेल पाळी आली. ती गोळीची पाळी असते. तुमचा ताल अजून तिथेच, विरळ. म्हणून फक्त पाळी आणण्यासाठी किंवा हाडांसाठी या गोळ्या देऊ नयेत असं २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे. कोणी तपासण्या न करताच चिठ्ठी लिहायला घेतली तर नम्रपणे विचारा, 'कारण काय असावं?' तो प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मात्र पाच-दहा दिवस प्रोजेस्टेरॉनची गोळी देऊन नंतर रक्तस्राव होतो का हे पाहिलं जातं, ती निदानाची चाचणी आहे, तिला घाबरू नका. खाणं, व्यायाम, समुपदेशन हे सगळं करूनही सहा महिने ते वर्षभरात पाळी आली नाही, तर हाडांसाठी कातडीवर चिकटवायचा इस्ट्रोजेनचा पॅच आणि जोडीला प्रोजेस्टेरॉन हा पर्याय असतो. तो नंतरचा विचार.

करायचं काय, तर खायचं. ऐकायला किती सोपं वाटतं! जेवण चुकवायचं नाही, धावून आल्यावर तासाभरात खायचं, पिष्टमय पदार्थ आणि तेल-तूप यांना गुन्हेगार ठरवायचं नाही. धावणं सहा दिवसांवरून दोन-तीन दिवसांवर, आणि तेही हळू, पाळी येईपर्यंत. वजन बहुतेकदा पाळी थांबली तेव्हाच्या वजनापेक्षा थोडं वरच जावं लागतं. पाळी थांबली त्या महिन्यात काटा किती दाखवत होता ते आठवून लिहून ठेवा. हे वाचताना पोटात गोळा आला असेल, धावणं कमी करायच्या कल्पनेनेच घशाशी आलं असेल, तर त्याची लाज वाटून घेऊ नका. पण समुपदेशकाकडे जायचं ते नेमकं त्यासाठी. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, छातीत धडधडत असेल, तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

तेलाची बाटली उघडू नका. बाटलीवर काय लिहिलंय ते तुम्ही कळवलेलं नाही, आणि त्याने माझं उत्तर बदलणारही नाही. मालिशचं तेल कातडीसाठी असतं. वनस्पतींचे अर्क असे काही कडक असतात की थेंबांचा हिशेब चुकला तर यकृत जातं. पेनीरॉयल नावाची पुदिन्याच्या कुळातली एक वनस्पती आहे. पाळी आणण्यासाठी तिचं तेल शतकानुशतकं वापरलं गेलं, आणि ते पिऊन बायका मेल्या आहेत.

तर गुरुवारी जा. टेस्ट निगेटिव्ह असेल तर जा. पण बाईंशी आधी बोलून घ्या, कपडे बदलायच्या आधी, कारण टेबलावर पडल्यावर माणसाला नाही म्हणता येत नाही. त्यांना सांगा की पाठ, मान, खांदे, पाय, हात एवढंच. ओटीपोटावर दाब नको, निदान सोनोग्राफी होईपर्यंत; बीजकोशात मोठी गाठ असेल तर त्या दाबाने ती फुटण्याची किंवा पिळवटण्याची भीती असते. हाडं नाजूक असण्याची शक्यता आहे, म्हणून पाठीवर आणि बरगड्यांवर कोपराने किंवा अंगाचा भार देऊन दाबायचं नाही. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं असेल त्या दिवशी पायाला हात लावू द्यायचा नाही, शिरेत गुठळी असू शकते. पुढेमागे इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू झाल्या तर हे जास्तच लक्षात ठेवा. आणि योनीतून मालिश करायची गोष्ट कोणी काढलीच, तर उठून घरी यायचं, उरलेल्या सिटिंगच्या पैशांवर पाणी सोडून.

बाईंना वाईट वाटेल असं वाटत असेल तर त्यांना झोपेचं सांगा. 'तुमच्याकडून आले की झोप लागते, मला त्यासाठीच यायचंय' असं. कोणाही कष्टाच्या माणसाला हे ऐकायला आवडतं.

शुक्रवारी सकाळी रक्त द्या. मालिशमुळे रिपोर्टमध्ये काही गडबड होणार नाही, फक्त स्तनांना मालिश नको आणि आदल्या संध्याकाळी धावायला जाऊ नका, प्रोलॅक्टिन उगाच वर जातं. रिपोर्ट आले की आकडे मला लिहून पाठवा, एफएसएच आणि इस्ट्राडायॉल आधी. आणि पाळी थांबली तेव्हाचं ते वजनही.